चॉक पेंट, एक जुनं कपाट आणि चुकलेली भिंत

आधीच सांगते, हा रिव्ह्यू नुसत्या एका डब्याचा नाहीये. डबा होता चॉक पेंटचा, एक लिटर, मोहरीसारखा पिवळा, पण तो घरात आला एका जुन्या कपाटामुळे, कपाटामुळे भिंत गेली, भिंतीमुळे वॉलपेपर आला आणि वॉलपेपरमुळे सगळ्या घराचे बल्ब बदलले. त्यामुळे एकाला स्टार द्यायचे तर बाकीच्यांबद्दल बोलल्याशिवाय जमणारच नाही.

तर नवीन घर. चावी हातात आली तेव्हा सगळ्या भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, टाईल्स फिकट राखाडी. मला मात्र पहिल्यापासून रंगीत, जुन्या वळणाचं घर हवं होतं, म्हणजे मोरपंखी भिंत, हळदी पिवळं काहीतरी, अबोली पडदे, गोल कडांचं फर्निचर, कापडी शेडचे दिवे. नवऱ्याचं म्हणणं की हे सगळं फोटोत छान दिसतं, राहायला लागलं की डोकं उठतं. आईचं म्हणणं त्याहून सरळ, "नव्या घरात लोकांचं भंगार कशाला आणतेस?" दोघंही थोडे थोडे बरोबर निघाले, पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

माझी पहिली चूक म्हणजे मी आधी भिंत रंगवली. शेड कार्डावरचा बोटभर तुकडा बघून मोरपंखी ठरवला, दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी उभं राहून. पेंटरने दोन हात मारले आणि भिंत खरोखर सुंदर दिसायला लागली, मी चार जणांना फोटो पाठवले. मग तीन आठवड्यांनी कपाट मिळालं. जुनं, लालसर लाकडाचं, खाली दोन ड्रॉवर, वर दोन दारं, पितळी मुठी, कोपरे गोलाकार. आणि ते त्या भिंतीसमोर ठेवल्यावर दोघंही एकमेकांवर रुसल्यासारखे दिसायला लागले. लालसर तपकिरी आणि मोरपंखी यांचं जमू शकतं, पण माझ्या मोरपंखीत निळा जास्त होता आणि लाकडात जांभळट लाल, मध्ये जोडणारं काहीच नव्हतं.

इथेच मला कळलं की क्रम उलटा हवा. जुनी वस्तू एकच असते, तिचा आकार, तिची उंची, तिचा नूर बदलत नाही, आणि भिंतीचा रंग हजारो शेड्समध्ये मिळतो आणि दोन दिवसांत बदलता येतो. मग जी गोष्ट बदलता येते ती शेवटी ठरवायला नको का? पण आपण सगळे घर घेतलं की पहिल्यांदा पेंटरलाच फोन करतो, कारण रिकाम्या घरात रंगकाम सोपं पडतं. सोपं पडतं हे खरंच आहे. म्हणून आता कोणी विचारलं तर मी सांगते की आधी साधा ऑफव्हाईट मारून राहायला जा, वस्तू येऊ देत, मग एखादी भिंत रंगव. फर्निचर चार फूट ओढून प्लास्टिक टाकून भिंत रंगवता येते, काही आभाळ कोसळत नाही.

बरं, आता डबा, कारण भिंतीशी जमेना म्हणून कपाटच पिवळं करायचं ठरलं. चॉक पेंट म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा, जाडसर, पाण्यात मिसळणारा रंग. हे नाव आणि हा प्रकार ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी 1990 मध्ये आणला, आता त्याच पद्धतीचे रंग बरेच जण बनवतात, मी आणलेला त्यांचा नव्हता, दुसराच एक होता. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की घासायची गरज नाही, प्रायमर (रंगाच्या आधी मारायचा हात) नको, सरळ ब्रश घ्या आणि लावा. ह्या तीन वाक्यांपैकी मी दीड वाक्याला पास करते.

घासायची गरज नाही हे बऱ्यापैकी खरं. जुन्या पॉलिशवर रंग चांगला धरला, नखाने ओरखडून बघितलं दोन दिवसांनी, निघाला नाही. पण आधी पुसणं मस्ट आहे, आणि पुसणं म्हणजे ओलं फडकं फिरवणं नव्हे. मुठींच्या आजूबाजूला वर्षानुवर्षांच्या हातांचं तेल बसलेलं असतं, ते साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा काढलं तेव्हा फडकं काळंकुट्ट झालं. एका ड्रॉवरवर मी कंटाळून एकदाच पुसलं, आणि बरोब्बर तिथेच रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडले.

प्रायमर नको हे मात्र साफ खोटं, निदान लालसर लाकडावर तरी. पहिला कोट पिवळा बसला, मी खूश. तासाभरात वाळला आणि दारावर गुलाबी ढग दिसायला लागले. मला वाटलं कोट पातळ झाला असेल, दुसरा मारला. परत ढग. तिसरा मारला, ढग जरा फिके झाले आणि सकाळी उठून बघते तर परत हजर, जणू आतून कोणीतरी पान खाऊन थुंकतंय. मग सुतारकाकांना फोन केला, त्यांनी फोनवरच हसून सांगितलं, "ताई, लाकूड रंग सोडतंय, किती पण हात मारा, वर येणारच. लाख मारा मधी." लाकडात टॅनिन नावाचं रंग सोडणारं द्रव्य असतं, जुन्या पॉलिशमध्ये कधी लाल रंगही घातलेला असतो, आणि पाण्याचा रंग लावला की पाणी तो डाग विरघळवून वर ओढतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं, त्यामुळे ते डाग ओढत नाही, उलट कोंडून टाकतं. मेण काढलेली लाख घ्यायची, म्हणजे वरचा रंग नीट धरतो. एक पातळ हात मारला, अर्ध्या तासात वाळला, त्यावर पिवळा, आणि संपलं, आजतागायत एक डाग नाही. मी जे तीन कोट वाया घालवले तो सगळा राग डब्यावरच्या त्या वाक्यावर आहे. लिहायचं ना बाबांनो खाली बारीक अक्षरात तरी, की काळपट आणि लालसर लाकडावर आधी लाख लावा.

मधे एक प्रयोग घरी चॉक पेंट बनवायचा पण केला, साध्या मॅट रंगात प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून घालतात तसा. पहिली पाच मिनिटं बरं चाललं, मग डब्यातच घट्ट व्हायला लागलं आणि लाकडावर रवाळ बसलं. नको. वेळ आणि ब्रश दोन्ही गेले.

रंग लावण्याचा अनुभव मात्र अगदी मजेचा आहे, हे मान्य करायलाच पाहिजे. तासाभरात हाताला वाळतो, वास जवळजवळ नाही, ब्रशच्या रेघा दिसल्या तरी त्या शोभतात, थोडं पाणी घातलं की पातळ होऊन लाकडाच्या रेषांत शिरतो. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रश धरला नाही त्यांनी पण करावं असं काम. फक्त मॅट म्हणजे किती मॅट हे आधी समजून घ्या. मेण किंवा वार्निश लावलं नाही तर नुसता बोटाचा घाम लागला तरी डाग पडतो. मी क्लिअर वॅक्स घेतला, कापडाने पातळ चोळला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने घासून चमक आणली, ती चमक इतकी मऊ येते की मी उगाचच येता जाता कपाटावरून हात फिरवते. पण मेण पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात, आणि उष्णतेने ते मऊ पडतं. माझ्या नवऱ्याने तिसऱ्याच दिवशी वर गरम मग ठेवला आणि एक छान गोल वर्तुळ कायमचं उमटलं. त्यामुळे कपाटाला, आरशाच्या चौकटीला मेण चालेल, टेबलाच्या वरच्या फळीला पाण्याचं मॅट वार्निश लावा, दिसायला थोडं प्लास्टिकसारखं वाटतं पण जीव राहतो.

आता कडा घासून जुनं दाखवायचा प्रकार. तयार विंटेज फर्निचर म्हणून जे नवंकोरं मिळतं त्यात हे मशीनने केलेलं असतं, आणि मला ते लांबूनच ओळखू येतं कारण ओरखडे चुकीच्या जागी असतात, दाराच्या मधोमध, जिथे कोणाचा हात कधी लागत नाही. खरं कपाट झिजतं मुठीच्या भोवती, खालच्या कडेला जिथे झाडू आपटतो, आणि ज्या बाजूने दार ढकलून बंद करतात त्या बाजूला. मी तिथेच पहिल्या आणि दुसऱ्या कोटच्या मध्ये मेणबत्ती घासली, वरचा रंग तिथे धरत नाही, नंतर बारीक पॉलिश पेपर नुसता फिरवला की खालचं दिसतं. वरच्या उजव्या दाराला जास्त, डाव्याला कमी, कारण उजवं दार जास्त उघडलं जातं. हा बारकावा फक्त मलाच दिसतो, पण मला दिसतो ना.

आणि एक सूचना, ही मात्र गंमतीची नाही. माझ्या कपाटाच्या आतल्या फळीवर आधीच्या कोणीतरी लावलेला हिरवट ऑइलपेंट पापुद्रे निघालेल्या अवस्थेत होता. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. पूर्वी रंगात शिसं सर्रास असायचं, अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 मध्ये बंद झालं, बाकी ठिकाणी कुठे आधी कुठे खूप नंतर, आणि कपाटावर काही तारीख लिहिलेली नसते. घासलं की शिशाची धूळ उडते आणि घरात लहान मूल असेल तर ती सगळ्यात वाईट. मी मास्क लावून, फळी पाण्याने ओली करून सुटलेले पापुद्रे तेवढे ओल्या कापडावर काढले, ते कापड पिशवीत बांधून टाकलं आणि फळी वरून सील केली. टेस्ट किट मिळतात, शंका असेल तर आधी ते वापरा. आणि कपाट घरात घ्यायच्या आधी खालून टॉर्च मारा, टाचणीएवढी भोकं आणि खाली ताजा पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, परत पाठवा, कितीही आवडलेलं असलं तरी.

जाता जाता, सगळंच रंगवत सुटू नका हो. लाकूड चांगलं असेल, पॉलिश जिवंत असेल, तर नुसतं पुसून मेण लावा. माझ्या कपाटाची दारं आधीच कोणीतरी लांबी म्हणजे पुट्टी भरून दुरुस्त केलेली होती, म्हणून मला वाईट वाटलं नाही. आमच्याकडे एक वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पण आली, ती मी हातही न लावता तशीच ठेवली. ह्या प्रकारच्या खुर्च्यांची मूळ आजी म्हणजे थोनेट या फर्निचर कंपनीची 14 नंबर, 1859 ची, लाकूड वाफेवर वाकवून केलेली, फक्त सहा भाग आणि स्क्रू नट, आणि सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 खुर्च्या बसायच्या. आज घरी आणून जोडायचं फर्निचर म्हणून जे कौतुक चालतं ते तेव्हाच झालेलं. आमची खुर्ची अर्थातच थोनेट नाही, नक्कल आहे, पण बसलं की करकरत होती, खालचे स्क्रू आवळले आणि गप्प झाली. पाच मिनिटांचं काम, आणि घरातली सगळ्यात देखणी वस्तू.

तर परत भिंतीकडे. पिवळं कपाट मोरपंखी भिंतीसमोर म्हणजे शाळेच्या गॅदरिंगचा स्टेज. म्हणून ती भिंत वॉलपेपरने झाकायचं ठरलं, गर्द शेवाळी जमिनीवर मोठी अबोली फुलं आणि मधे मधे मोहरीचा पिवळा, म्हणजे कपाटाचा रंग त्या फुलांत सापडतो. ह्या वेळेस शहाणपण केलं, सॅम्पल मागवला आणि कपाटाच्या दाराला टेपने चिकटवून चार दिवस ठेवला.

वॉलपेपर स्वतः उत्तम. गोंद भिंतीला लावायचा प्रकार होता, कागदाला नाही, त्यामुळे पट्टी कोरडीच हातात येते आणि थोडी सरकवता पण येते. तक्रार माझ्या गणिताची आहे. भिंत चार मीटर रुंद, उंची 2.40. रोल 53 सेंटीमीटर रुंद आणि 10.05 मीटर लांब. आठ पट्ट्या लागणार, वर खाली कापायला धरून एक पट्टी अडीच मीटरची, म्हणजे एका रोलमध्ये चार, दोन रोलमध्ये आठ, झालं की काम! नाही झालं. डिझाईन दर 64 सेंटीमीटरने परत येत होतं, शेजारच्या पट्टीशी फूल जुळवायचं तर प्रत्येक पट्टी 64 च्या पटीत कापावी लागते, म्हणजे 2.56. फक्त सहा सेंटीमीटरचा फरक, पण चौथी पट्टी त्यात बसत नाही, 2.37 उरते आणि ती कुठेच लागत नाही. दोन रोलमध्ये सहाच पट्ट्या. तिसरा रोल मागवला तो दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी छापलेला आला, आणि दोन लॉटमधला शेवाळी सारखा नसतो हे मला तो भिंतीला लावून वाळल्यावर कळलं. रोलवर लॉट नंबर छापलेला असतो, सगळे रोल एकाच लॉटचे घ्या आणि मोठ्या डिझाईनला एक जास्तच घ्या, ही गोष्ट कोणीतरी दुकानातच ओरडून सांगायला हवी.

पडद्यांसाठी मात्र मला फुलं नको होती, भिंतीवर पुरे झाली असं वाटलं, पण शेवटी फुलंच आली, खूप मोठी, सपाट, एका रंगाची. मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीचं ते प्रसिद्ध खसखशीच्या फुलांचं उनिक्को डिझाईन 1964 चं, गंमत म्हणजे कंपनीच्या मालकीणबाईंनी फुलांची डिझाईन्स करायची नाहीत असं जाहीर केल्यावर त्यांच्याच डिझायनर माइया इसोलाने ते मुद्दाम केलं होतं. माझा पडदा तसल्याच चालीचा, साधा सुती. पडद्याचं खूप मोठं फूल आणि भिंतीवरचं त्याहून लहान, बारीक पानांचं फूल एकत्र चालतात कारण आकारात खूप फरक आहे. दोन्ही मध्यम असती तर भांडली असती.

आता बल्ब, आणि हे मी शेवटी सांगतेय पण खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. घरात बिल्डरने लावलेले सगळे 6500 केल्विनचे पांढरे एलईडी होते. त्या उजेडात माझा मोहरी रंग रात्री चक्क आजारी हिरवट दिसायचा, अबोली राखाडी पडायची, आणि मी दोन आठवडे समजत होते की रंगच चुकला. जुन्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारण 2700 केल्विनचा, पिवळसर, आणि हे जुने रंग त्याच उजेडात राहिलेले आहेत. 2700 चे, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) 90 च्या वरचे बल्ब लावले आणि स्विच दाबला तेव्हा नवरा आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "परत रंग काढलास?" ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. कापडी शेडचा जुना टेबललॅम्प घेतलाय त्याची वायर मात्र बघा, माझ्या लॅम्पच्या वायरीचं रबर हाताने चुरा होत होतं. इलेक्ट्रिशियनकडून वायर, प्लग, होल्डर तिन्ही बदलून घेतलं, आधी पिनचा होल्डर होता तो आट्यांचा करून घेतला कारण मला हवे ते बल्ब आट्यांचेच मिळत होते. बाहेरून लॅम्प जुना, आतून पूर्ण नवा.

तर मार्क. चॉक पेंटला पाचपैकी साडेतीन, रंग आणि फिनिश पाच आहे पण डब्यावरच्या थापेचे दीड कापले. क्लिअर वॅक्सला चार, गरम मगाने उमटलेलं वर्तुळ ही त्याची चूक नाही. वॉलपेपरला चार. लाखेच्या पॉलिशला पाच, आणि सुतारकाकांना फोनवर फुकट दिलेल्या सल्ल्याचे वेगळे. बल्बना पाच.

अर्धा डबा उरलाय, झाकण नीट ठोकून उलटा ठेवलाय म्हणजे साय धरली तर खाली धरेल. आईने परवा येऊन कपाट बघितलं, दार दोनदा उघडून बंद केलं आणि विचारलं की तिच्याकडचं स्टूल पण असं होईल का. आणि तो दुसऱ्या लॉटचा रोल, त्याच्या दोन पट्ट्या भिंतीच्या अगदी डाव्या टोकाला आहेत, बरोब्बर कपाटाच्या मागे. नवरा कालपासून म्हणतोय की सोफा इकडे आणि कपाट तिकडे करून बघूया. मी म्हटलं सोफा कुठे हवा तिथे ने, कपाट हलणार नाही.